डोकं शांत ठेवायला रोजच्या दिवसात नेमकं काय करता? (नागपूरकरांनो, सांगा)

अजनी_ते_बर्डी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं मनात होतं.

मी बर्डीवर एका सीएंच्या ऑफिसात काम करते. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख, जीएसटी रिटर्नच्या या दोन तारखा जवळ आल्या की पोटात गोळा येतो. पार्ट्या (म्हणजे आमच्याकडे हिशोब देणारे व्यापारी) १९ तारखेच्या रात्री व्हॉट्सअॅपवर बिलांचे फोटो टाकतात, तेही वाकडेतिकडे. घरी मुलगा बारावीला जातोय, सासऱ्यांचं हृदयाचं औषध चालू आहे. रात्री तीनला जाग येते आणि मग डोळा लागतच नाही. सकाळी उठल्यावर जबडा दुखतो, म्हणजे झोपेतही दात आवळलेले असतात. छातीवर अधूनमधून दडपण येतं. ऊन तर तुम्ही पाहताच आहात.

चिखलदऱ्याला जा, पचमढीला जा असं कृपया सांगू नका. जाऊन येतो तेवढे दिवस बरं वाटतं, परत आलं की तेच. आणि 'पॉझिटिव्ह राहा' हेही नको. घर, ऑफिस, स्वयंपाक सांभाळून तुम्ही प्रत्यक्ष काय करता, दिवसात कधी करता, किती वेळ करता, हे सांगाल का?

---

पहाटपाखरू | सोमवार, रात्री ११:१५

ताई, माझं उत्तर एका शब्दात: पहाट.

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास वर येतो आणि आठ वाजता रस्ता तापायला लागतो. म्हणजे नागपूरकराला बाहेरची हवा मिळते ती पाच ते साडेसहा याच वेळात. मी सेमिनरी हिल्सवर जातो, जपानी गार्डनच्या बाजूला. आत्ता बहावा फुललाय. तांबट पक्षी एका फांदीवर बसून एकाच लयीत टुक-टुक करत असतो, दिसत मात्र नाही, शोधावा लागतो. तो शोधता शोधता डोक्यातलं चक्र थांबतं. मोबाइल घरीच ठेवतो.

चालण्याचा वेग एवढाच, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अर्धा तास पुरतो. तुम्हाला अजनीहून इतक्या लांब यायची गरज नाही, जवळचं कुठलंही मैदान चालेल, फक्त झाडं असावीत.

---

शून्य_मैल | मंगळवार, सकाळी ७:०५

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, रागावू नका.

मी इतवारीत ठोक दुकानांची खाती लिहिली आहेत, त्यामुळे तुमच्या ११ आणि २० तारखा मला चांगल्याच माहीत आहेत. ताण आला की माणसाला लगेच श्वास घे, फिरायला जा, ध्यान कर असं सांगतात. करावं जरूर. पण तुमचा निम्मा ताण तुमच्या डोक्यात तयार झालेलाच नाही. तो पार्टीच्या आळसातून येतो आणि तुमच्या टेबलावर येऊन पडतो. तो जिथून येतो तिथेच अडवायला हवा.

तुमच्या सरांच्या सहीनं सगळ्या पार्ट्यांना एक पत्र जाऊ द्या. विक्रीची बिलं महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, खरेदीची १२ पर्यंत. त्यानंतर आलेलं पुढच्या महिन्यात धरलं जाईल आणि उशिराचा भुर्दंड पार्टीचा. ३बी, म्हणजे २० तारखेचं रिटर्न, उशिरा भरलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, निल (व्यवहारच नसलेलं) रिटर्न असेल तर २० रुपये, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. हे आकडे पत्रात ठळक छापा. व्यापाऱ्याला 'मॅडमला त्रास होतो' हे कळत नाही, व्याज मात्र लगेच कळतं.

आणि १९च्या रात्री आलेल्या मेसेजला रात्रीच उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की तो तुमचा नियम होतो.

---

डॉक्टरकाका_खामला | मंगळवार, दुपारी २:३०

मी खामल्यात फॅमिली डॉक्टर आहे. शून्य_मैल यांचं म्हणणं मला पटतं. पण ताई, पत्राच्या आधी एक गोष्ट: छातीवरचं दडपण 'टेन्शनच असेल' असं स्वतःचं स्वतः ठरवू नका. जिना चढताना येतं का, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते का, घाम फुटतो का, हे डॉक्टरांना सांगा आणि एक ईसीजी काढून घ्या. दडपण जास्त वेळ राहिलं आणि सोबत घाम, धाप असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ईसीजीसोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ बघून घ्या. चिडचिड, थकवा, धडधड घेऊन आलेल्या कितीतरी बायकांच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीतरी बिघडलेलं निघतं. मग त्यांना ध्यान शिकवून काय होणार?

आता श्वासाबद्दल. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस आहे, हे काम तिचं. म्हणून सोडायचा वेळ घ्यायच्या वेळापेक्षा जास्त ठेवायचा. मनात चार मोजत नाकानं आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरतात. छाती फुगवू नका, पोट हलू द्या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही फार जोर लावताय, सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

जबड्यासाठी वेगळा उपाय. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्नायू शिथिल करण्याची पद्धत बसवली, ती आजही वापरतात. पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची. एकेक भाग पाच सेकंद आवळायचा, मग एकदम सैल सोडायचा आणि सैल झाल्यावर तिथे काय वाटतं तिकडे लक्ष द्यायचं. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी चेहरा. दात आवळायचे नाहीत, ते तुमचे आधीच आवळलेले आहेत. फक्त ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला.

रात्री तीनच्या जागेबद्दल: घड्याळ बघू नका आणि मोबाइल उशाशी ठेवू नका. बराच वेळ झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. दुपारी तीननंतर चहा बंद. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात शिल्लक असतं.

मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी मात्र नको, शेजारणीनं दिलेलीही नको. तिची सवय लागते.

---

कुरडई | मंगळवार, दुपारी ४:१०

सगळं वाचलं. चांगलं आहे. पण या सगळ्यात घराबाहेर पडता येणारी माणसंच दिसतात.

माझ्या सासूबाईंना लकवा झालाय, उजवी बाजू गेली. कूस बदलणं, भरवणं, डायपर, औषधं. मी पहाटे पाचला फिरायला गेले तर त्यांच्याजवळ कोण बसणार? मिस्टर शिफ्ट ड्युटीवर असतात. शांत बसायला दहा मिनिटं मिळाली तर मी ध्यान करत नाही, झोपते.

तरी विचारलंत म्हणून सांगते, मला काय बरं करतं. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मिळून उन्हाळ्यात कुरडया घालतो. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक गाळायचा आणि रात्रभर ठेवायचा. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं की खाली पांढरा घट्ट चीक बसलेला असतो. तो उकळत्या पाण्यात मीठ-हिंग टाकून शिजवायचा. एकीनं ओतायचा, दुसरीनं लाटण्याच्या मागच्या टोकानं सपासप हलवायचा, थांबलं की गुठळी झालीच. चकाकी आली की गरम असतानाच साच्यात भरून गच्चीवर प्लास्टिकवर गोल गोल दाबायच्या. ऊन चढायच्या आत आवरायला लागतं. साचा फिरवताना मनगटं भरून येतात, पण त्या दोन तासांत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नसतं. हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. सासूबाईंबद्दल जे मी माहेरीसुद्धा बोलत नाही, ते त्या गच्चीवर बोलून होतं. कोणी सल्ला देत नाही. एखादी नुसतं 'हो गं बाई' म्हणते आणि चिकाची वाटी पुढे करते, साखर-तूप घालून.

तोवर खाली त्यांच्याजवळ समोरच्या घरातली कॉलेजची मुलगी बसते. त्यांना ती आवडते.

---

धम्मपथ_इंदोरा | मंगळवार, रात्री ९:२०

जय भीम, नमस्कार सर्वांना.

कुरडईताई, तुम्ही जे लिहिलंत त्याला मी ध्यानापेक्षा कमी म्हणणार नाही.

मी आनापान करतो. जप नाही, मंत्र नाही, काही कल्पनाही करायची नाही. नाकपुड्यांच्या तोंडाशी श्वास आत जाताना आणि बाहेर येताना जाणवतो, तेवढंच बघायचं. मन पळणारच. पळालं हे कळलं की परत आणायचं, स्वतःवर न चिडता. डॉक्टरकाका सांगतात तसा यात श्वास मोजायचा किंवा लांबवायचाही नाही, आहे तसा राहू द्यायचा. या दोन पद्धती वेगळ्या आहेत, एका वेळी एकच करा.

मी हे शिकलो माहुरझरीच्या विपश्यना केंद्रात. दहा दिवसांचं शिबिर असतं, फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. मोबाइल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास. सोपं नाही, पाठ आणि गुडघे बोलायला लागतात. ज्यांचा मानसिक आजार सध्या जोरात आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, अर्जातही ते खरंखरं लिहावं. आणि दहा दिवस काढता येत नाहीत म्हणून अडून राहू नका, घरी सकाळी दहा मिनिटं बसता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दीक्षाभूमी. ड्युटी संपली की मी अधूनमधून तिथे जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, पण साध्या दिवशी संध्याकाळी स्तूपात शिरलं की पायाखालची फरशी गार लागते आणि माणसं आपोआप हळू बोलतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा त्या गर्दीत होते. नोकरीतल्या कटकटी घेऊन मी तिथे बसतो तेव्हा त्यांनी काय काय सोसून मान वर केली ते आठवतं आणि पाठ सरळ होते.

---

भंडाऱ्याचा_पोट्टा | बुधवार, रात्री १:५०

सगळ्यांचं वाचून राहिलो. मी नंदनवनात रूम घेऊन एमपीएससीचा अभ्यास करून राहिलो. लायब्ररीत सकाळपासून रात्रीपर्यंत. जेवण मेसचं. टपरीवर चहा किती होतात तेही समजत नाही. टेलिग्रामच्या ग्रुपवर कोणाचं ना कोणाचं सिलेक्शन झाल्याचं रोज येते, पेढ्याचे फोटो. बाबांनी धानाच्या पैशातून माझी फी भरली. घरी फोन करायची आता हिंमतच होत नाही.

तुम्ही सगळे मोठे आहात, संसाराचे ताण आहेत. माझं तर काहीच नाही, नुसतं बसून वाचायचं आहे. तरी पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत नाहीत. कधीकधी वाटते आपण नसतो तर बाबांचे पैसे वाचले असते.

---

डॉक्टरकाका_खामला | बुधवार, सकाळी ६:१०

बाळा, उठल्या उठल्या तुझं वाचलं. तुझा ताण लहान नाही. आणि सरळ विचारतो, कारण विचारल्यानं काही बिघडत नाही: जीव द्यावा असे विचार येतात का? कसा द्यायचा हे मनात ठरवलं आहेस का? तसं असेल तर आज एकटा राहू नकोस. रूम पार्टनरला सांग, घरी सांग आणि मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जा. ओपीडीची वेळ नसली तर कॅज्युअल्टीत जा.

आणि आत्ता, हे वाचून झालं की १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

अक्षरं न दिसणं, कशातच मन न लागणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल तर त्याला नैराश्य म्हणतात आणि तो आजार आहे. तुझी लायकी त्यावरून ठरत नाही. औषध लागलं तरी घाबरायचं कारण नाही. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. फक्त फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि मनानं बंद करायच्या नसतात.

मी तुला खासगी निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे.

---

कुरडई | बुधवार, सकाळी ६:४५

पोरा, बाबांना फोन कर रे. पैसे वाचले असते असं त्यांच्या मनात स्वप्नातही येणार नाही. मी एका मुलाची आई आहे, मला माहीत आहे. फोन झाला की इथे दोन अक्षरं लिही, मी बघत राहीन.

---

मोझरीकर | बुधवार, सकाळी ८:३०

मी वयानं सगळ्यात मोठा असेन इथे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत लहानपणापासून बसत आलो. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळात संध्याकाळी सगळे एका ओळीत, लहान-थोर, जात-पात न बघता. खंजिरी वाजते, मग शांतता. महाराजांनी ध्यान आणि प्रार्थना दोन्ही सामुदायिक ठेवली. एकटा माणूस रोज बसेलच याचा भरवसा नाही, पण शेजारी वाट बघत असेल तर तो येतो.

भंडाऱ्याच्या मुला, तुझ्या लायब्ररीत तुझ्यासारखे किती असतील. त्यातल्या दोघांना रोज संध्याकाळी सहाला पुस्तकं मिटवून बाहेर काढ. काही बोललं नाही तरी चालेल, सोबत चाला. सिलेक्शनचे ग्रुप म्यूट कर.

---

शून्य_मैल | बुधवार, सकाळी १०:००

मुला, फी हा हिशोबाचा प्रश्न आहे, तो सुटतो. तुझं काही बरंवाईट झालं तर तो हिशोब तुझ्या बाबांना जन्मभर लागणार नाही. एकदा घरी जाऊन ये. भंडारा किती लांब आहे, सकाळच्या एसटीनं निघालास तर दुपारच्या जेवणाला घरी.

---

अजनी_ते_बर्डी | शुक्रवार, रात्री ९:५०

आधी मुलासाठी: तुझी वाट बघतोय सगळे.

आता माझं. ईसीजी नॉर्मल आला. बी१२ मात्र फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू केली. आम्ही शाकाहारी, दूधही मी फारसं घेत नाही, डॉक्टर म्हणाले ते कारण असू शकतं.

सरांशी बोलले. पत्राला ते आधी नाही म्हणाले, पार्ट्या तुटतील म्हणून. मग मी मागच्या वर्षी लेट फी आणि व्याजात कोणत्या पार्टीचे किती गेले त्याची यादी काढून समोर ठेवली. ती बघून तयार झाले. पत्र गेलं. दोन पार्ट्यांनी कुरकुर केली आहे, बघू.

पहाटेचं मला जमत नाही, डबा असतो. पण अजनी चौक ते बर्डी मेट्रोत मोबाइल पर्समध्ये ठेवते आणि डॉक्टरकाकांचा चार-सहाचा श्वास करते. रहाटे कॉलनी, काँग्रेस नगर, की बर्डी आलीच, म्हणजे वेळ थोडाच मिळतो. पण ऑफिसच्या दारात मी आधीसारखी धापा टाकत पोचत नाही. जबड्याचं अजून तसंच आहे. तीनची जागही येते, फक्त आता उठून हॉलमध्ये कूलरसमोर बसते. घड्याळ काढून कपाटात ठेवलंय.

---

डॉक्टरकाका_खामला | शुक्रवार, रात्री १०:२०

जबड्याला वेळ लागेल. दात झिजलेले दिसले तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री लावायचं कव्हर करून देतात.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की झोप अजून बिघडेल. शरीराचं आतलं तापमान थोडं उतरल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून झोपायच्या तासभर आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. गार पाणी नको. कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो.

---

भंडाऱ्याचा_पोट्टा | शनिवार, दुपारी १२:१५

त्या दिवशी १४४१६ ला लावला होता. आधी भाषा निवडायला सांगते, मग एक ताई बोलल्या. पंधरा-वीस मिनिटं. नाव सांगायला लावलं नाही. त्यांनीही डॉक्टरकाकांसारखं सरळच विचारलं. मी खरं सांगितलं की विचार येतात, पण तसं काही ठरवलं नाही. मग मेडिकलला गेलो, डॉक्टरांनी गोळी दिली, दोन आठवड्यांनी बोलावलं.

बाबांना फोन केला. ते आधी काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले आंबे पिकले आहेत, ये. आत्ता घरूनच लिहून राहिलो.

---

कुरडई | शनिवार, दुपारी १२:४०

जेवलास का? आंबे खा पोटभर. गोळी घरी विसरू नको परत येताना.

---

पहाटपाखरू | शनिवार, संध्याकाळी ७:००

उद्या रविवार. सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डनच्या गेटाशी पहाटे सव्वापाचला आहे. ज्याला जमेल त्यानं यावं, ओळख पटवायला निळी टोपी. कुरडईताई, माझी बायको आणि मी नर्सिंगचं काम केलेली माणसं आहोत, आता निवृत्त. बुधवारी सकाळी दोन तास आम्ही तुमच्या सासूबाईंजवळ बसू शकतो, तुमची हरकत नसेल तर. आधी येऊन भेटतो, मग ठरवा.

---

कुरडई | शनिवार, रात्री ९:०५

भेटायला नक्की या. संध्याकाळी सहानंतर मिस्टर घरी असतात. सासूबाईंना उजव्या बाजूनं बोललेलं लक्षात येत नाही, डावीकडून बसावं लागतं.

---

अजनी_ते_बर्डी | शनिवार, रात्री ९:३०

कुरडईताई, पुढचे गहू कधी भिजवताय? २० तारीख झाली की मला येता येईल. साचा आहे माझ्याकडे, सासूबाईंचा पितळी, बारीक जाळीचा.